अंगठा, पिपेट आणि घुसखोर युरॅसिल

परवा फोनवर एक जाहिरात आली. ‘दोन दिवसांत मॉलिक्युलर टेस्टिंगमध्ये तज्ज्ञ व्हा! डीएनए काढण्यापासून सिक्वेन्सिंगपर्यंत सगळं. प्रमाणपत्रासह.’ आधी हसू आलं, मग राग आला. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलामुलींना हेच काम शिकवणं हा माझा पेशा आहे. माझे पहिले दोन दिवस त्यांच्या अंगठ्यावर खर्च होतात. डीएनएचं नावही निघत नाही.

अंगठ्यावर का, ते सांगते. पिपेटच्या दट्ट्याला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची आणि अंगठा सावकाश सैल सोडायचा. द्रव बाहेर टाकताना मात्र दुसऱ्या थांब्यापर्यंत जायचं. एवढंच. पण नवखा हात द्रव घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत जातो आणि जास्त ओढतो, नाहीतर अंगठा झटकन सुटतो आणि टिपमध्ये बुडबुडा शिरतो. आमची परीक्षा साधी असते. तराजूवर छोटी वाटी ठेवायची आणि तीत दहा वेळा १०० मायक्रोलिटर पाणी सोडायचं. दर वेळी जवळजवळ १०० मिलिग्रॅम वजन वाढलं पाहिजे. पहिल्या दिवशी आकडे ९३, १०४, ८८ असे नाचतात. एका मुलाने तराजू बिघडल्याची लेखी तक्रार केली होती. मी त्याच तराजूवर दहा आकडे काढून दाखवले, तेव्हा त्याने तो कागद मुकाट्याने खिशात घातला. आणि हे १०० मायक्रोलिटर झाले. प्रत्यक्ष चाचणीत पुष्कळदा २ मायक्रोलिटर मोजायचे असतात, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाचा साधारण पंचविसावा हिस्सा.

कोविडच्या साथीत आरटी-पीसीआर हा शब्द घरोघरी पोचला आणि त्याबरोबर एक गैरसमजही पोचला, की नमुना मशीनमध्ये ठेवला, बटण दाबलं की खरं-खोटं बाहेर पडतं. मशीन बिचारं तापवतं, थंड करतं आणि उजेड मोजतं (हव्या त्या डीएनएच्या प्रती वाढल्या की ट्यूब उजळते). आपल्यात काय घातलं गेलंय हे त्याला कळत नाही.

मॉलिक्युलर पॅथॉलॉजी म्हणजे पेशींच्या रूपाबरोबरच त्यांच्या डीएनए-आरएनएमधले बदल वाचून रोग ओळखणं. (पुस्तकात याला रेणवीय विकृतिशास्त्र म्हणतात. लॅबमध्ये हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारलेला मी अजून ऐकलेला नाही.) क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत अदलाबदल होतात, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्या अदलाबदलीतून जन्मणाऱ्या प्रथिनाला वेसण घालणारं इमॅटिनिब हे औषध २००१ मध्ये आलं. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये ईजीएफआर जनुकातला बदल सापडला तर एक औषध, नाही सापडला तर दुसरं. तेव्हा लॅबच्या एका ओळीवर कुणाचा उपचार ठरतो. ती ओळ चुकली तर औषध चुकतं.

आणि ती चुकते. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २००६ साली एका मोठ्या वैद्यकीय केंद्रात कर्मचारी खोकू लागले. पीसीआर केली, डांग्या खोकला निघाला. शंभराहून अधिक लोकांना तसं सांगण्यात आलं, कित्येकांना कामावरून घरी बसवलं, हजारोंनी लस टोचून घेतली. पुढे त्या नमुन्यांतून जंतू वाढवून बघायचा प्रयत्न झाला, तेव्हा डांग्या खोकल्याचा जंतू एकाही नमुन्यात उगवला नाही. साथ होती ती साध्या खोकल्याची. बाकी सगळी पीसीआरवर एकट्या ठेवलेल्या विश्वासाची करामत.

पीसीआर इतकी फसवी का, हे समजायला थोडं गणित. कॅरी मुलिस यांना ही पद्धत १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. हव्या असलेल्या डीएनए-तुकड्याच्या प्रती प्रत्येक फेरीत, म्हणजे एकदा तापवून थंड केलं की, दुप्पट होतात. एका प्रतीपासून सुरुवात केली तर ३० फेऱ्यांनंतर सुमारे १०७ कोटी प्रती, तेही ५० मायक्रोलिटरच्या एका ट्यूबमध्ये. आता ती ट्यूब उघडताना टोपणाखालून एक तुषार उडाला समजा. केसाच्या जाडीच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढा, डोळ्याला न दिसणारा. त्याचं आकारमान मायक्रोलिटरचा दहा लाखावा भाग. भागाकार करून बघा, त्या कणात २१ प्रती बसल्या आहेत. आणि उद्याच्या चाचणीला पॉझिटिव्ह यायला एक प्रत पुरते. म्हणजे काल ज्याच्या नमुन्यात काही सापडलं, त्याची नक्कल आज दुसऱ्याच्या रिपोर्टात डोकावते. ती टेबलावर बसते, हातमोज्यावर बसते, दाराच्या मुठीवर बसते. विद्यार्थ्यांना हे पटवायला मी ‘नमुन्या’त चमकणारी पूड मिसळते आणि तासाभराने दिवे घालवून अतिनील दिवा लावते. मग चष्म्याची काडी उजळते, पेनाचं टोक उजळतं. एकदा एकीच्या कानाची पाळी उजळली.

म्हणून अशा लॅबमध्ये खोल्या वेगळ्या असतात आणि वाहतूक एकेरी असते. जिथे मास्टर मिक्स, म्हणजे नमुना सोडून चाचणीचा बाकी सगळा कच्चा माल, कालवतात तिथून नमुन्याच्या खोलीत, तिथून मशीनच्या खोलीत. उलटं यायचं नाही, वहीसुद्धा परत आणायची नाही. शिवाय प्रत्येक खेपेला एक ट्यूब अशी, जिच्यात नमुन्याऐवजी नुसतं पाणी. ती कोरीच राहिली पाहिजे. ती उजळली तर सगळी खेप रद्द.

आता माझ्या लाडक्या गोष्टीकडे येते. लेख खरं तर हिच्यासाठीच लिहायला घेतला.

डीएनएची अक्षरं शाळेत पाठ केलेली असतात: ए, टी, जी, सी. आरएनएमध्ये टीच्या जागी यू, म्हणजे युरॅसिल. हा फरक परीक्षेत विचारतात, पण का, ते कुणी विचारत नाही. टी म्हणजे थायमिन. हे थायमिन म्हणजे युरॅसिलच, फक्त अंगाला एक मिथाइल गट जास्त. तो चिकटवायला पेशीला खर्च येतो. आरएनएचं यूवर भागतं, मग डीएनएसाठी हा उपद्व्याप कशाला?

कारण सी हे अक्षर कच्चं आहे. पाण्याच्या सहवासात त्याचा अमिनो गट आपोआप गळून पडतो आणि जे उरतं ते युरॅसिल. आपल्या प्रत्येक पेशीत हे दिवसाला शंभराहून अधिक वेळा घडतं. डीएनएत यूला अधिकृत जागा असती, तर कुठला यू मूळचा आणि कुठला बिघडलेला सी, हे पेशीला ओळखता आलं नसतं. टीला अधिकृत केल्यामुळे प्रश्नच मिटला. डीएनएत यू दिसला की तो घुसखोर, उपटा. हे उपटण्याचं काम करणारा एन्झाइम टोमास लिंडाल यांनी १९७४ मध्ये ई. कोलाय जंतूत शोधला. त्याचं लांबलचक नाव सोडा, सगळे त्याला यूएनजी म्हणतात. डीएनए-दुरुस्तीवरच्या कामासाठी लिंडाल यांना २०१५ मध्ये विभागून नोबेल मिळालं.

जंतूच्या या घरगुती दुरुस्तीचा १९९० मध्ये काही संशोधकांनी भन्नाट वापर केला. पीसीआरच्या कच्च्या मालात त्यांनी टीऐवजी यूच घातला. त्यामुळे ट्यूबमध्ये बनणाऱ्या प्रत्येक नकलेत जागोजागी यू. रोग्याच्या खऱ्या डीएनएत मात्र टी. म्हणजे लॅबने छापलेल्या प्रत्येक प्रतीवर ‘नक्कल’ असा शिक्का आपोआप बसला! पुढच्या वेळी चाचणी सुरू करण्याआधी मिश्रणात यूएनजी घालायचा आणि ५० अंशांवर दोनेक मिनिटं ठेवायचं. कालची नक्कल उडून आली असेल तर तिच्यातले यू उपटले जातात, साखळीत खिंडारं पडतात, आणि तापवल्यावर ती त्या जागी तुटते. मग तापमान ९५ अंशांवर जातं, यूएनजी स्वतः निकामी होतो, आणि त्यानंतरच नव्या नकला, पुन्हा यू घेऊन, बनू लागतात. साफसफाई करणारा काम आटोपून वेळेवर मरतो. मला हे अजूनही सुंदर वाटतं.

अगदी वेळेवर मरतो असंही नाही. ई. कोलायचा यूएनजी चिवट असतो. रिॲक्शन संपल्यावर प्लेट रात्रभर थंडीत तशीच राहिली, तर उरलासुरला एन्झाइम आजच्याच नकला कुरतडू लागतो. म्हणून काही किटमध्ये थंड समुद्रातल्या कॉड माशाचा यूएनजी वापरतात. तो उष्णतेने कायमचा मरतो.

इथे दर बॅचला कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, मग खोल्या वेगळ्या कशाला? एन्झाइम आहे ना?’ प्रश्न चांगला आहे. यूएनजी फक्त नकला खातो. एका रोग्याचा मूळ नमुना दुसऱ्याच्या ट्यूबमध्ये सांडला, तर दोन्हींत टी. त्याला दोघेही सोज्वळ. त्या गुन्ह्यावर इलाज एकच, सावकाश सुटणारा अंगठा.

यूची गोष्ट इथे संपत नाही, पॅथॉलॉजीत ती दुसऱ्या दाराने परत येते. कॅन्सरची गाठ काढली की ती फॉर्मालिनमध्ये मुरवतात, मग पॅराफिन मेणात बसवून ब्लॉक करतात. सूक्ष्मदर्शकासाठी हे उत्तम, डीएनएसाठी छळ. फॉर्मालिन डीएनएला प्रथिनांशी जखडतं, त्याचे तुकडे पाडतं, आणि वर सीचे यू व्हायला हातभार लावतं. पीसीआरचा एन्झाइम यूला टी समजून वाचतो. परिणामी सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे डीएनएची अक्षरं ओळीने वाचताना, ‘सीचा टी झाला’ असं म्युटेशन दिसतं, जे रोग्याच्या अंगात कधी नव्हतंच. ते आमच्या बाटलीत झालं. अशी खोटी म्युटेशनं एक-दोन टक्क्यांच्या पातळीवर दिसतात, आणि खरी पण विरळ म्युटेशनंही तिथेच लपलेली असतात. यावर तोडगा पुन्हा यूएनजी. डीएनए वाचण्याआधी त्याच्यावर सोडला की असे खराब तुकडे नकलेला लायक राहत नाहीत. पण काही सी आधीच मिथाइल गट बाळगून असतात, विशेषतः ज्यांच्या पुढचं अक्षर जी असतं ते. अशा सीचा अमिनो गट गळला तर यू होत नाही, थेट टी होतो, म्हणजे अधिकृत अक्षर. यूएनजी त्याच्या शेजारून निघून जातो. मग ब्लॉकमधून पुन्हा स्वतंत्रपणे डीएनए काढायचा आणि म्युटेशन दोन्ही वेळा दिसतं का ते बघायचं. (हा परिच्छेद एका दमात कळला नाही तरी हरकत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना आठवडा लागतो.)

ब्लॉकचा विषय निघालाच आहे तर एक मोजमाप. ब्लॉकमधलं सगळं मांस कॅन्सरचं नसतं. समजा १०० पेशींपैकी २० कॅन्सरच्या आहेत, आणि त्यांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच बदल आहे. म्हणजे एकूण डीएनएत बदल जेमतेम १० टक्के. सिक्वेन्सिंगच्या जुन्या सँगर पद्धतीने साधारण १५-२० टक्क्यांखालचं नीट दिसत नाही, म्हणजे रिपोर्ट ‘निगेटिव्ह’. म्हणून पॅथॉलॉजिस्ट रंगवलेल्या स्लाइडवर पेनाने गोल काढून देतो आणि तंत्रज्ञ बिनरंगी स्लाइडवरून तेवढाच भाग ब्लेडने खरवडतो. गोल तीन मिलिमीटर सरकला तर दोन कोटींचं मशीन काही करू शकत नाही. ब्लॉकचे पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमचं पातं ब्लॉकगणिक बदलणं हेही असंच हातानेच सांभाळायचं काम.

या सगळ्यानंतर ‘डीएनए ॲक्टिव्हेशन’ची शिबिरं किंवा थुंकीवरून मुलाचा कल सांगणारे रंगीत अहवाल बघितले की हात कपाळावर जातो. शिबिरवाल्यांना विचारा, कुठलं अक्षर ॲक्टिव्हेट केलंत, आणि कोरी ट्यूब लावली होती का? पण अंधश्रद्धा आमच्या घरातही आहे. ‘या लॉटचं किट लाभतं’, ‘त्या मशीनला अमक्याचाच हात लागतो’ असं म्हणणारे लोक मी पांढऱ्या कोटात पाहिले आहेत. हात लाभला नाही की बहुधा पिपेटचं कॅलिब्रेशन राहिलेलं असतं.

प्रशिक्षणाच्या शेवटी मी प्रत्येकाला ९६ छोट्या खळग्यांची, म्हणजे घरांची, एक प्लेट देते. बुद्धिबळाच्या पटासारखी भरायची, एका घरात भरपूर डीएनए असलेला नमुना, शेजारच्या घरात नुसतं पाणी. ४८ उजळली पाहिजेत, ४८ काळी राहिली पाहिजेत. गेल्या बॅचमध्ये एका मुलीचं बी-७ हे पाण्याचं घर उजळलं. नमुन्याची घरं १८व्या फेरीला दिसत होती, बी-७ ३६व्या. फरक १८ फेऱ्यांचा, म्हणजे शेजारच्या घरातल्या डीएनएचा साधारण २ लाख ६२ हजारावा हिस्सा तिथे गेला होता. तिने कुणाला विचारलं नाही. रिकामी प्लेट समोर ठेवली, कोरडी टिप लावली आणि आपलाच हात पुन्हा फिरवून पाहिला. भरलेली टिप नेताना तिचं मनगट दर वेळी बी-७ वरून जात होतं. दुसऱ्या दिवशी तिने प्लेट अर्धी वळवून ठेवली आणि सगळं नव्याने केलं. बी-७ काळं राहिलं. ई-४ उजळलं.