दोन भावंडं: एक नारिंगी, एक पांढरं

थंडी पडली की कृत्तिकांचं एक छायाचित्र मोबाईलवर फिरू लागतं. निळंशार धुकं, त्यात लखलखणारे तारे आणि खाली ओळ: ‘आज रात्री गच्चीवर जा, असं दृश्य दिसेल.’ असं दृश्य दिसत नाही. तो निळा रंग कॅमेऱ्याने बराच वेळ प्रकाश साठवून मिळवलेला असतो, आपल्या डोळ्याला तशी सोय नाही. त्या धुक्याला कृत्तिकांचं जन्मस्थान म्हणतात, तेही चूक. या तारकांचं वय ११-१२ कोटी वर्षांच्या आसपास आहे. ज्या ढगातून त्या जन्मल्या तो केव्हाच पांगला. सध्याची धूळ वाटेत भेटलेली, परकी.

दिसतं ते असं: जानेवारीच्या सुरुवातीला रात्री साडेनऊच्या सुमारास गोव्यातून कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात. नुसत्या डोळ्यांनी सहा, अंधाऱ्या जागेवरून एखाद-दोन जास्त. १० बाय ५०ची दुर्बीण, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, लावली की कित्येक डझन. २० पट वाली घेऊ नये, हातात धरून तारे नुसते नाचतात. डोक्यावरचं पाहायला उभं राहिलं तर पाच मिनिटांत मान आणि दंड दोन्ही भरून येतात. चटईवर आडवं व्हावं, कोपर जमिनीला टेकवावेत. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि मधे एकदा मोबाईल पाहिला की ती सगळी वाया. कळंगुट-बागाच्या झगमगाटात हा खटाटोप करू नये. नेत्रावळी, मोले किंवा काणकोणचा आतला भाग बरा.

आता मुद्द्याचं. आकाशातला ताऱ्यांचा प्रत्येक घोळका तारकागुच्छ नसतो. मृगाचे तारे एका आकृतीत दिसतात, पण त्यांची अंतरं वेगवेगळी आहेत. कृत्तिका मात्र खऱ्या सख्ख्या: एकाच ढगातून साधारण एकाच वेळी जन्मलेल्या आणि आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे ४४० प्रकाशवर्षं. वय तेच, अंतर तेच, घडण तीच. फरक उरतो तो प्रामुख्याने वस्तुमानाचा.

आणि वस्तुमानावरच ताऱ्याचं आयुष्य ठरतं. तारा जड असला की गाभ्यावरचा दाब आणि तापमान वाढतं, हायड्रोजन भराभर जळतो. ढोबळ नियम असा की तेजस्विता वस्तुमानाच्या साडेतीनाव्या घाताने वाढते. सूर्याच्या पाचपट वस्तुमानाचा तारा घेतला तर शिल्लक पाचपट, पण खर्च २८० पट! म्हणजे सूर्याला १,००० कोटी वर्षं पुरणारा साठा इथे २० कोटींच्या आत संपतो. नेमक्या गणिताने तर आणखी लवकर. श्रीमंतांचं दिवाळं आधी वाजतं ते असं.

गुच्छाचं वय काढतात ते याच आधारावर. प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश एकदा निळ्या आणि एकदा पिवळसर-हिरव्या गाळणीतून मोजायचा. ताऱ्याच्या तेजाच्या मापाला प्रत म्हणतात; या दोन्ही प्रतींची वजाबाकी म्हणजे रंगांक: अभिजितचा शून्य, सूर्याचा ०.६५, रोहिणीचा दीडच्या वर. आडव्या अक्षावर रंगांक आणि उभ्या अक्षावर तेज मांडलं की बहुतेक तारे एका तिरक्या पट्ट्यात येतात. तीच मुख्य श्रेणी. या पट्ट्याचं निळं टोक जिथे तुटतं आणि तारे उजवीकडे, लालीकडे वळतात, ते वळण म्हणजे घड्याळाचा काटा. गुच्छ जितका जुना तितकं वळण खाली. चुका मात्र इथेच होतात. मधली धूळ सगळ्यांनाच थोडं लाल करते. जोडतारा एकच समजून मोजला तर तो पट्ट्याच्या पाऊण प्रतीपर्यंत वर बसतो. भलतेच तारे त्याच दिशेला असल्यामुळे घुसतात, ते त्यांच्या वेगळ्या गतीवरून गाळावे लागतात. त्या कामी ताऱ्यांच्या गती टिपणाऱ्या गाइया उपग्रहाची मोजमापं फार उपयोगी पडली.

हे आकृतीशिवायही पाहता येतं. कृत्तिकांच्या शेजारी वृषभाच्या तोंडाचा ‘व्ही’ आहे, तो हायडीज गुच्छ: सुमारे १५० प्रकाशवर्षं दूर, वय ६० ते ७० कोटी वर्षं. त्यातली ठळक तांबूस रोहिणी त्या गुच्छातली नव्हेच, ती ६५ प्रकाशवर्षांवर मधेच उभी आहे. ‘व्ही’च्या टोकाकडून रोहिणीकडे जाताना वाटेत एक जोडी लागते, थीटा-१ आणि थीटा-२. दुर्बीण किंचित बेफोकस केली की रंग उठून दिसतात: एक नारिंगी, दुसरा पांढरा. एकाच वयाची भावंडं! नारिंगी तारा थोडा जड, म्हणून त्याच्या गाभ्यातला हायड्रोजन आधी संपला आणि तो फुगून राक्षसी झाला. ज्या वळणासाठी वेधशाळा राबतात ते इथे चटईवर पडून दिसतं.

मूळ नक्षत्राचंही असंच पाहावं. त्यावर जन्मलेल्या मुलीला ‘सासऱ्याला वाईट’ म्हणून नावं ठेवणारे आणि शांती सांगणारे आजही आहेत. मूळ म्हणजे वृश्चिकाची शेपटी; तिच्या नांगीपासून पाचेक अंश ईशान्येला एम ७ नावाचा देखणा गुच्छ आहे, सुमारे २० कोटी वर्षं वयाचा, हजारेक प्रकाशवर्षं दूर. कोणाच्या सासऱ्याची त्याला खबर असणं शक्य नाही.

गोव्याचं खरं भाग्य दक्षिणेला आहे. लंडनहून कधीच न उगवणारा ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून २७ अंशांवर चढतो. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास चित्रा दक्षिणेला येते. तिच्या सरळ खाली, हात लांब करून साडेतीन मुठींवर, तो अंधुक ताऱ्यासारखा दिसतो. ताऱ्यांचे नकाशे काढणाऱ्या बायरने १६०३ साली त्याला ताऱ्याचंच नाव दिलं. दुर्बिणीत कापसाचा बोळा दिसतो, पण तो सुमारे १७,००० प्रकाशवर्षांवरचा कोटीभर ताऱ्यांचा गोल आहे. वर सांगितलेलं घड्याळ इथे अडखळतं: याच्या आकृतीत एकाऐवजी अनेक पट्टे निघतात, म्हणजे तारे एका पिढीचे नाहीत. आकाशगंगेने गिळलेल्या छोट्या दीर्घिकेचा हा उरलेला गाभा असावा, असं अनेक संशोधक मानतात.

मेच्या शेवटी ढग जमू लागतात. पावसाळ्यात दुर्बीण कपाटात ठेवली तर भिंगांवर बुरशी धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात ठेवावी, आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.