ऑर्काने बोट बुडवली आणि ऑर्काने माणूस मारला : दोन वेगळ्या गोष्टी

स्पेनच्या दक्षिण टोकाला जिब्राल्टरजवळ ऑर्कांनी (डॉल्फिनच्या कुळातल्या अवाढव्य ‘किलर व्हेल’नी) आणखी एखादी शिडाची बोट फोडली की लगेच व्हॉट्सॲपवर ठरलेला मजकूर फिरू लागतो. बोटीचा व्हिडिओ, खाली टाकीत ठेवलेल्या टिलिकम नावाच्या ऑर्काचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘माणसावर सूड’. या दोन गोष्टी एका माळेत ओवणं आता पुरे झालं.

टिलिकमची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 1983 मध्ये आइसलँडजवळ पकडलेलं पिल्लू, आधी कॅनडात आणि मग अमेरिकेत फ्लोरिडाच्या सीवर्ल्ड या सागरी प्राण्यांच्या उद्यानात टाकीत वाढलं, 2017 मध्ये मेलं. पाळलेल्या ऑर्कांच्या बाबतीत 1991, 1999, 2009 आणि 2010 असे चार मानवी मृत्यू नोंदले गेलेत. त्यातल्या तीन वेळा टिलिकम तिथे होता.

खरा घोळ इथे होतो : प्राणी नेमका कशाच्या मागे लागलेला असतो? 1991 मध्ये कॅनडात प्रशिक्षक तरुणीचा पाय घसरला आणि ती टाकीत पडली. ती काठाकडे यायची आणि तिन्ही ऑर्का तिला पुन्हा आत ओढायचे. याच तिघांना रात्री अरुंद, अंधाऱ्या कप्प्यात कोंडलं जायचं. तिथे दोन माद्या टिलिकमला दातांनी ओरबाडायच्या आणि त्याला पळायला जागा नसायची. त्या दिवशी टाकीत त्यांच्या तावडीत सापडलं ते थेट माणूस.

जिब्राल्टरच्या ऑर्कांना मात्र हवं असतं सुकाणू. ऑर्का मागून येतात, तोंडाने सुकाणू ढकलतात, हलवून बघतात, कधी मोडतात. ते मोडलं की पुष्कळदा त्यांचा रस संपतो. बोट बुडते ती सुकाणूच्या जागेतून पाणी आत शिरल्यामुळे. माणसं तराफ्यावर उतरतात आणि ऑर्का त्यांच्या वाटेला जात नाहीत. 2020 पासून असे शेकडो प्रसंग घडले, अनेक बोटी बुडाल्या, पण ऑर्काने कुणाला चावलेलं नाही. मोकळ्या समुद्रातल्या ऑर्काने माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. 1972 मध्ये कॅलिफोर्नियात एका सर्फरला चावा बसला होता, तो वाचला.

मग हे काय आहे? बहुतेक अभ्यासकांचा कल खेळाकडे आहे आणि मलाही तेच पटतं. ऑर्कांमध्ये अशी खुळं पसरतात. 1987 मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचे ऑर्का मेलेले सामन मासे डोक्यावर घेऊन फिरत होते, आणि काही काळाने ते खूळ विरलं. जिब्राल्टरच्या एका मादीला बोटीने इजा केली असावी आणि तिथून हे सुरू झालं असावं, हा एक तर्क आहे. त्याला पुरावा नाही, तरी बातम्यांत तोच सत्य म्हणून छापला जातो. याची मला मनापासून चीड येते.

खेळ म्हटलं म्हणून नुकसान कमी होत नाही. काही टनांच्या प्राण्याने सुकाणूला धडक दिली की खर्चाने बोटवाल्याचं कंबरडं मोडतं. म्हणूनच स्पेनमध्ये सूचना आहे की बोट थांबवू नका, किनाऱ्याकडच्या उथळ पाण्यात न्या आणि कठड्यापासून लांब राहा. सुडाची गोष्ट डोक्यात घेतलेला माणूस मात्र पाण्यात फटाके फेकतो. आणि तो ते फेकतो अशा कळपांवर, ज्यांत आता चाळीसही ऑर्का उरलेले नाहीत.