इलेक्ट्रिक गिटार पारखताना लाकूड कशाला ठोकता?

इलेक्ट्रिक गिटारचं कोणतंही परीक्षण घ्या, लाकडाचं नाव लगेच येतं. महोगनी असेल तर आवाज 'उबदार', ॲश असेल तर 'खणखणीत'. मधल्या किमतीची गिटार शोधणारा मग लाकडावरच अडतो आणि खऱ्या परीक्षेच्या जागा बघायच्या राहून जातात.

अकूस्टिक गिटारमध्ये लाकडाला मान आहेच. तिथे वरची पातळ फळी थरथरून हवा हलवते. इलेक्ट्रिक गिटारचं अंग बहुधा भरीव असतं. तिथे तारेची हालचाल टिपतो तो पिकअप, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्टीलची तार चुंबकाजवळ स्वतः चुंबकित होते, ती हलली की वेढ्यांतलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वीजदाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं, शाळेत शिकलेलं हे प्रवर्तन. नायलॉनची तार लावलीत तर हा पिकअप मुका. लाकडाचा परिणाम होतो तो तारेच्या कंपनांमार्फत, तिची किती ऊर्जा ब्रिज (अंगावर तारा टेकतात तो भाग) आणि नेक (गिटारची मान) यांमधून निसटते त्यावर. तो शून्य नाही, पण जाहिरातीत असतो तेवढाही नाही.

मग 'उबदार' आणि 'खणखणीत' कुठून येतं? खरी मजा इथे आहे. इतके वेढे घेतल्यावर कॉइलला इंडक्टन्स येतो, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये तो साधारण २ ते ३ हेन्री असतो. वेढे एकमेकांना खेटून असल्याने थोडी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) येते, सुमारे १०० पिकोफॅरड. त्यात केबलची भर पडते, मीटरमागे साधारण तितकीच. इंडक्टन्स आणि धारिता एकत्र आले की परिपथाला स्वतःची लय मिळते. झोक्याला त्याच्याच तालात धक्के दिले तर तो उंच जातो, तसं त्या वारंवारतेच्या आसपासचे स्वरांश उचलले जातात. त्याच्या वरचे झपाट्याने घसरतात. हा उंचवटा वर असला की आवाज खणखणीत, खाली आला की उबदार.

आकडे घालून बघू. २.५ हेन्री आणि पाच मीटर केबल धरून एकूण ६०० पिकोफॅरड घेतले, तर हा उंचवटा सुमारे ४,१०० हर्ट्झवर येतो. केबल दहा मीटरची केली की ३,००० वर. आपला कान याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, त्यामुळे फरक जाणवतो. टोनचं बटण पूर्ण बंद केलंत की ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आत येतो आणि उंचवटा ७०० हर्ट्झच्या आसपास कोसळतो. (केबलच्या टोकाला सोन्याचा मुलामा आहे म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांनी आधी तिची लांबी मोजावी.)

आता हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीत असताना १९५५ साली याच्या पेटंटसाठी अर्ज केला. यात दोन कॉइल उलट गुंडाळून, उलट ध्रुवांवर बसवतात. विजेच्या तारांची गुणगुण एकमेकींत विरते आणि तारेचा स्वर दुणावतो. पण इंडक्टन्सही वाढतो, चार-पाच हेन्रीपर्यंत जातो, म्हणून उंचवटा खाली सरकतो. महोगनीच्या गिटारवर बहुधा हंबकर असतात, ॲशच्या गिटारवर सिंगल कॉइल. उबेचं बरंचसं श्रेय लाकडाला मिळतं ते असं.

तेव्हा तुलना करताना केबल आणि ॲम्प्लिफायर तेच ठेवा, डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) बंद. गिटारवरचं आवाजाचं बटण सातवर आणा. धार किती बोथट होते, खरखर येते का, ऐका. जाड तार वरच्या, म्हणजे अंगाजवळच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) डळमळीत, दुहेरी लागत असेल तर पिकअपचा चुंबक तिला ओढतोय. स्क्रू फिरवून पिकअप थोडा खाली घ्यायचा.

बांधणीचं म्हणाल तर अंग आणि नेक आता संगणकावर चालणारी यंत्रंच नेमकी कापतात. पैसे वाचवले जातात ते हातकामात. नेकच्या कडेवरून हात फिरवा, फ्रेटची टोकं बोचतात का? वरच्या प्रत्येक फ्रेटवर तार बेंड करा (बोटाने आडवी ओढा), स्वर गुदमरतो का? पहिल्या फ्रेटजवळचा कॉर्ड चढा लागत असेल तर नटच्या (नेकच्या खुंट्यांकडच्या टोकाची, तारा बसवायची पट्टी) खाचा उथळ राहिल्यात. खुंटी पिळताना 'टिंग' ऐकू आलं तर त्या अरुंद आहेत. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळला पाहिजे. दाबताना तार ताणली जाऊन स्वर चढतो, म्हणून सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) किंचित मागे ठेवतात. तो सरकवता येतो. मात्र पार टोकाला पोचूनही जुळत नसेल तर ब्रिजच चुकीच्या जागी बसवलाय.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर दीड ते दोन मिलिमीटर असली की पुरे, आणि ती जुळवून घेता येते. नेकचा बाकही ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने सुधारतो. नट आणि फ्रेटसाठी कारागीर लागतो, तो खर्च किमतीत धरा. पिळलेली नेक मात्र ट्रस रॉडने सरळ होत नाही. तशी गिटार कितीही गोड वाजली तरी घेऊ नका.