जपानमध्ये कचरापेट्या का दिसत नाहीत?

'जपानी माणूस इतका स्वच्छताप्रिय आहे की तिथे कचरापेट्यांची गरजच पडत नाही,' हे विधान वर्षानुवर्षे फिरत आले आहे आणि टोकियोत राहणारे परदेशी लोक रिकामी बाटली हातात घेऊन हिंडताना त्याची गमतीने आठवण काढतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो या पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला; त्यानंतर, पेटीत घातक वस्तू लपवली जाईल या भीतीने, स्थानकांतल्या आणि इतर सार्वजनिक जागांवरच्या अनेक पेट्या हटवल्या गेल्या. पुढे काही ठिकाणी त्या परतल्या, बऱ्याच ठिकाणी नाहीत, कारण देखभालीचा खर्चही वाचत होता. नारा येथील उद्यानात तर पेट्या हटवण्याचे कारण तिथे फिरणारी हरणे होती: ती पेट्यांतला कचरा खात.

शिस्त मुळीच नाही असे नव्हे. घरचा कचरा वर्गवारी करून ठरलेल्या वारीच ठेवावा लागतो, आणि योकोहामात हे वारंवार टाळणाऱ्याला २००० येन दंडाची तरतूद आहे. मात्र दंडाची तरतूद करावी लागते, यातच पुष्कळ काही आले. टोकियोतल्या शिबुया भागात हॅलोविनच्या रात्रीनंतर रस्त्यांवर साचत आलेला कचराही जपानमधलाच होता.