अशोकारिष्टाच्या बाटलीतला अशोक नक्की कुठला?

सोसायटीच्या भिंतीला लागून रांगेत उभे असतात ना ते उंच सरळसोट, फांद्या खाली पडलेले, मिटलेल्या छत्रीसारखे दिसणारे अशोक, तर तो औषधातला अशोक नाहीये. नर्सरीवाले अशोक म्हणूनच विकतात, लग्नाच्या मांडवाला त्याचीच पानं लावतात, शाळेत पण आपल्याला तोच दाखवलेला असतो, पण तो सीताफळाच्या कुळातला आहे आणि त्याला कुणी खोटा अशोक म्हणतं, कुणी आसुपालव. पाळीत अंगावरून जास्त जातंय म्हणून मावशी-आत्यांना पिढ्यान्‌पिढ्या जे अशोकारिष्ट हे आयुर्वेदिक औषध दिलं जातंय त्यातला अशोक म्हणजे सीताअशोक, शास्त्रीय नाव सराका असोका, आणि तो चिंचेचा भाऊबंद. दोन्ही अशोकांचं नातं म्हणाल तर नावापुरतं.

सीताअशोक एकदा पाहिला की परत चुकणार नाही. कोवळी पानं तांबूस आणि अगदी लुळी, झुपक्याने खाली लोंबत असतात, जणू झाड सुकायला लागलंय असं वाटावं. फुलं थेट जाड फांद्यांवर आणि खोडावर सुद्धा येतात, आधी पिवळसर-केशरी आणि मग जुनी होत गेली की लाल, त्यामुळे एकाच गुच्छात तीन रंग दिसतात. गंमत म्हणजे या फुलाला पाकळ्याच नसतात, आपण पाकळ्या समजतो त्या रंगीत निदलं असतात आणि त्यातून लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा बहराचा काळ, म्हणूनच चैत्र शुद्ध अष्टमीला अशोकाच्या कळ्या खायची जुनी प्रथा आहे, पंचांगात बघा, अशोककलिकाप्राशन असं लिहिलेलं सापडेल. झाड आपल्या सह्याद्रीतलंच, ओढ्याकाठच्या सावलीत वाढणारं.

आता मुद्द्याचं. औषधात लागते ती याची साल. साल काढायची म्हणजे खोड सोलायचं, गोल सोललं की झाड मेलं, आणि मागणी तर प्रचंड. त्यामुळे जंगलातली झाडं कमी होत गेली आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत हे झाड धोक्याच्या वर्गात जाऊन बसलं. मग माल कमी, गिऱ्हाईक जास्त असं झालं की बाजारात काय होतं ते सांगायला नको. २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मुख्यतः दक्षिण भारतातल्या २५ दुकानांमधून अशोकाची साल म्हणून विकला जाणारा माल घेऊन त्याचं डीएनए तपासलं, तर ८० टक्क्यांहून जास्त नमुने अशोकाचे नव्हतेच! आणि भेसळ एकाच झाडाची असती तर निदान समजलं असतं, पण त्यात किमान सात वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पती निघाल्या. हे आकडे कच्च्या सालीचे आहेत, कंपन्यांच्या बाटल्यांचे नाहीत, हे लक्षात घ्या, पण बाटलीत जाणारी साल शेवटी येते कुठून?

म्हणून मला त्या नेहमीच्या वादाचा कंटाळा येतो, एक बाजू म्हणते आयुर्वेद भारी, दुसरी म्हणते सगळं थोतांड, आणि आपण बोलतोय त्या वस्तूत अशोक आहे का हे कुणीच विचारत नाही.

बरं, साल खरी आहे असं धरून चालू. अशोकारिष्ट बनतं कसं? भैषज्यरत्नावली या आयुर्वेदाच्या ग्रंथातल्या पाठात एक तुळा साल म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण ४.८ किलो, ती सुमारे ४९ लिटर पाण्यात उकळून पाव करायची, म्हणजे १२ लिटर काढा उरतो. त्यात सालीच्या दुप्पट गूळ, साडेनऊ किलोच्या आसपास. मग सुंठ, जिरं, नागरमोथा, त्रिफळा, अडुळसा, चंदन, आंब्याची कोय वगैरे थोडं थोडं, आणि धायटीची फुलं. ही धायटीची फुलं फार महत्त्वाची, कारण त्यांच्यावर नैसर्गिक यीस्ट असतं आणि भांडं बंद करून ठेवलं की ते यीस्ट गूळ खाऊन अल्कोहोल तयार करतं. म्हणजे अरिष्ट हे आंबवलेलं पेय आहे, त्यात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं पण असतं. आयुष्यात कधी दारूला शिवले नाही म्हणणाऱ्या कितीतरी आज्या दोन्ही जेवणांनंतर बिअरपेक्षा कडक टॉनिक घेत आल्यात! अर्थात १५-३० मिली घ्यायचं आणि तेही पाणी घालून, त्यामुळे चढत वगैरे नाही. अल्कोहोलचं काम सालीतले घटक विरघळवून धरायचं आणि औषध टिकवायचं.

सालीत मुख्यतः टॅनिन आणि त्यांच्या जातीतले कॅटेचिन, प्रोसायनिडिन वगैरे पदार्थ असतात, जीभ आवळून येते ती यांच्यामुळे. ते पोटात जाऊन गर्भाशयाचं काय करतात यावर दोन जुने शोध आहेत आणि दोन्ही एकमेकांच्या जरा उलट जातात. १९७० मध्ये भारतीय संशोधकांनी सालीतून फिनॉलिक ग्लायकोसाइड जातीचं एक रसायन वेगळं काढलं आणि त्याने गर्भाशयाचा स्नायू आकुंचन पावतो असं दाखवलं. स्नायू आवळला की रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि रक्तस्राव कमी होतो, बाळंतपणानंतर ऑक्सिटोसिन देतात ते याच कारणाने. मग १९८५ मध्ये नेदरलँडमधल्या संशोधकांनी दाखवलं की सालीतले प्रोसायनिडिन प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतात.

प्रोस्टाग्लँडिन म्हणजे पाळीतला खरा व्हिलन. पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉन खाली येतं, गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन सुटतात, त्यांच्यामुळे गर्भाशय आवळून कळा येतात, आणि ज्यांना जास्त जातं त्यांच्यात हे प्रमाण बऱ्याचदा वाढलेलं असतं. पाळीच्या दुखण्यावर देतात ते मेफेनॅमिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन याच एन्झाइमवर काम करतात. म्हणजे कल्पना अगदीच हवेतली नाहीये. पण हे सगळं प्रयोगशाळेत वेगळ्या काढलेल्या एन्झाइमवर आणि स्नायूवर, गिळलेल्या दोन चमच्यांतून तेवढं गर्भाशयापर्यंत पोचतं का हा निराळा प्रश्न. मोठे रेणू असलेली टॅनिन आतड्यातून फारशी शोषलीच जात नाहीत. आणि बायकांवर झालेले अभ्यास छोटे, बहुतेक प्लासिबोशिवाय, म्हणजे तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नकली औषध न देता केलेले, काही महिन्यांचे. त्या मानाने ट्रॅनेक्झामिक ॲसिड बघा, ते रक्ताची गुठळी विरघळू देत नाही आणि रक्तस्राव साधारण ४० टक्क्यांनी कमी करतं हे चांगल्या ट्रायलमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय.

आणि ते हार्मोन बॅलन्स प्रकरण! इन्स्टावर अशोक-शतावरी-लोध्र अशा गोळ्यांची जाहिरात येते आणि खाली लिहिलेलं असतं पीसीओएस, थायरॉइड, पिंपल्स, मूड सगळ्यावर. शरीरात हार्मोनचा एकच काटा असतो आणि तो सरळ केला की झालं असं काही नसतं हो. पीसीओएसमध्ये पाळी महिनोन्‌महिने येत नाही कारण अंडं वेळेवर सुटत नाही, फायब्रॉइडमध्ये, म्हणजे गर्भाशयात गाठी असल्या तर, हार्मोन रिपोर्ट नॉर्मल असूनही धो धो जातं, थायरॉइड कमी असेल तरी जास्त जाऊ शकतं, आणि काही मुलींना पहिल्या पाळीपासूनच खूप जातं कारण त्यांच्या रक्ताला गोठायचाच प्रॉब्लेम असतो, फॉन विलेब्रँड नावाचा आजार, तो कुणी तपासतच नाही. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने, फिगोने, या कारणांची पद्धतशीर यादी केली, नऊ गट आहेत त्यात. नऊही गटांवर एकच साल कशी चालेल?

अजून एक गोष्ट, जी वैद्य किंवा केमिस्ट क्वचितच सांगतात. महिन्याला ८० मिलीच्या वर रक्त गेलं तर ते जास्त धरतात आणि तेवढ्या रक्तातून ३५-४० मिलिग्रॅम लोह जातं, आणि आहारातून रोज एक-दोन मिलिग्रॅमच शोषलं जातं, त्यामुळे ते भरून काढायला महिना पुरेलच असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या, १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. मग डॉक्टर लोहाची गोळी देतात, घरचे अरिष्ट देतात, आणि बाई दोन्ही जेवणानंतर एकत्र घेऊन टाकते. टॅनिन लोहाला धरून ठेवतं, चहासोबत लोहाची गोळी घेऊ नका म्हणतात ते त्यासाठीच, आणि हे तर टॅनिनचाच काढा. घ्यायचंच असेल तर दोन्हीमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा.

गर्भाशय आवळण्याचा तो १९७० चा गुण खरा असेल तर गरोदरपणात किंवा प्रयत्न चालू असताना हे घेणं म्हणजे विनाकारण जोखीम. डायबेटिस असेल तर त्यातला गूळ विसरू नका. घेणाऱ्यांनी निदान बाटलीवर सराका असोका हे नाव आहे का ते बघावं, नुसतं अशोक लिहिलेलं असेल तर कंपनीला मेल करून साल कुठून येते, तपासणी कशी होते ते विचारायला काही हरकत नाही, उत्तर देतात काही जण. आणि तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, चक्कर येत असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर नुसता डाग जरी दिसला तरी तेच, तेव्हा तर अरिष्टाची बाटली उघडूच नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.