फुप्फुसांवरील प्रक्रियांच्या संशोधनातील अन्यूनता चाचण्या

प्रचलित उपचारापेक्षा दुसरा पर्याय सरस आहे हे नव्हे, तर आधी ठरवलेल्या सीमेपलीकडे तो उणा पडत नाही, एवढेच तपासणारी वैद्यकीय चाचणी म्हणजे अन्यूनता (नॉनइन्फिरिऑरिटी) चाचणी. पर्याय कमी वेदनेचा किंवा कमी धोक्याचा असेल, तर परिणामकारकतेतील थोडी घट सोसावी काय, हा प्रश्न फुप्फुसांच्या प्रक्रियांत वारंवार उभा राहतो.

किती घट चालेल, ती सीमा रुग्णांची नोंदणी सुरू होण्यापूर्वीच ठरवावी लागते. ती सैल ठेवली, तर उणा उपचारही तीत बसतो. दोन गटांतील फरकाचा विश्वासांतराल (खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता असते, तो पल्ला) सीमेच्या आत राहिला, तरच अन्यूनता सिद्ध झाली असे मानतात.

फुप्फुसातील १० ते ३० मिलिमीटरच्या गाठींची तपासणी छातीतून सुई घालून करावी की श्वासनलिकेतून नेलेल्या मार्गदर्शित दुर्बिणीने, हे पाहणारी अमेरिकेतील व्हेरिटास चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. सीमा १० टक्के-अंकांची होती. निदानाची अचूकता दुर्बिणीने ७९ टक्के, तर सुईने ७३.६ टक्के आढळली, म्हणजे दुर्बीण उणी ठरली नाही. आणि छातीत हवा साचण्याचे प्रमाण ३.३ विरुद्ध २८.३ टक्के होते. रुग्णाच्या दृष्टीने खरे मोल या दुसऱ्या फरकाचे आहे.

कर्करोगामुळे छातीत पाणी साचलेल्या रुग्णांवरील टाइम-१ या ब्रिटिश चाचणीत (२०१५) पाणी पुन्हा साचू नये म्हणून फुप्फुसाची आवरणे चिकटवण्याचा उपचार छातीत घातलेल्या बारीक नळीने ३० टक्के, तर जाड नळीने २४ टक्के रुग्णांत फसला. फरक १५ टक्के-अंकांच्या सीमेपेक्षा कमी दिसत असूनही विश्वासांतराल सीमा ओलांडून गेला, म्हणून अन्यूनता सिद्ध झाली नाही. यावरून बारीक नळी निकृष्ट असल्याचेही सिद्ध होत नाही, ही गोष्ट वाचकांच्या नजरेतून सहज निसटते.

सर्वांत बोलके उदाहरण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील २०२० च्या चाचणीचे आहे. आपोआप हवा साचून आकसलेले फुप्फुस नळी न घालता, केवळ देखरेखीखाली ८ आठवड्यांत पूर्ववत होते काय, हे ३१६ रुग्णांत पाहिले गेले. ज्यांची माहिती पूर्ण होती, त्यांत हे प्रमाण देखरेखीच्या गटात ९४.४ टक्के, तर नळीच्या गटात ९८.५ टक्के होते आणि विश्वासांतराल ९ टक्के-अंकांच्या सीमेत जेमतेम बसला. मात्र मुदतीनंतरची गहाळ माहिती अपयश म्हणून धरताच हेच आकडे ८२.५ आणि ९३.५ झाले आणि अन्यूनता टिकली नाही. पाठपुरावा सुटणे किंवा रुग्णाने गट बदलणे यांमुळे खरा फरक झाकला जाऊ शकतो. म्हणून अशा चाचणीत वाटप झालेल्या सर्व रुग्णांचे विश्लेषण पुरेसे नसते, उपचार नियोजनाप्रमाणे मिळालेल्या रुग्णांचे वेगळे विश्लेषणही त्याच निष्कर्षाकडे जाते काय, हे पाहावे लागते.