पेट्रोलिस्थेस खेकडे आणि उष्णतेची मर्यादा : पार्श्वभूमी

पूर्व पॅसिफिक किनाऱ्यावर पेट्रोलिस्थेस या पोर्सिलेन खेकड्यांच्या अनेक जाती आहेत. काही ओहोटीला उघड्या पडणाऱ्या दगडांखाली राहतात, तर काही जवळपास कायम पाण्यात. वर्गीकरणाचं काम जुनं असलं, तरी उष्णतेचा हिशोब 1990च्या दशकात सुरू झाला.

1996 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन जातींची तुलना झाली. वरच्या पट्ट्यातल्या सिंक्टिपिसच्या हृदयाचा ताल 31.5 अंश सेल्सिअसला मोडला, खालच्या एरिओमेरसचा 26.6 अंशांना. सिंक्टिपिस ज्या दगडांखाली राहतो, तिथलं तापमान 31 अंशांपर्यंत चढतं. म्हणजे ऊन कडक असलं, की शिलकीत फारसं काही उरत नाही.

वाद आहे तो ‘मर्यादा’ कशी मोजायची यावर. एका पद्धतीत कवचाला बारीक भोकं पाडून हृदयाच्या दोन बाजूंना तारा बसवतात, पाणी सावकाश तापवतात आणि ठोक्यांचा लॉगॅरिदम निरपेक्ष तापमानाच्या व्यस्तासमोर मांडतात. रेषा जिथे एकदम खाली वळते, ती मर्यादा. दुसऱ्या पद्धतीत वेगवेगळ्या तापमानांत ठेवलेल्या खेकड्यांपैकी निम्मे कुठल्या तापमानाला मरतात, ते पाहतात. हे दोन आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पाणी झपाट्याने तापवलं तर आकडा सहसा फुगतो, शिवाय खेकडे आधी कुठल्या तापमानात मुरवले होते, म्हणजे काही काळ ठेवून सवय लावली होती, त्यानेही तो हलतो. हाताळणीतली अडचण वेगळीच: पायाला धरलं की हे खेकडे पाय टाकून देतात, म्हणून कवचाच्या दोन्ही बाजूंनी उचलावं लागतं. तापवण्याचा दर आणि मुरवणीचं तापमान न देता नुसती मर्यादा छापणं आम्हाला पटत नाही.

2000च्या अभ्यासात 20 जाती आल्या. उत्तरेकडच्या थंड किनाऱ्यापासून पनामा आणि चिलीपर्यंतच्या. नात्यातल्या जातींत साम्य वारशानेही येतं, त्यामुळे डीएनएवरून वंशवृक्ष बांधून ते वजा करावं लागलं. तरीही राहत्या जागेचं कमाल तापमान आणि सहनशीलता यांचा मेळ टिकला.

2003 साली खरा धक्का बसला. चार जातींत ज्यांचं हृदय सर्वाधिक उष्णता सोसतं, त्यांनाच मुरवून मर्यादा वर सरकवता आली ती सर्वांत कमी. तापमानवाढीचा फटका थंड पाण्यातल्यांना आधी बसेल, ही समजूत त्यामुळे डळमळली. इतर प्राण्यांत हा नियम सरसकट दिसलेला नाही.

पुढे सिंक्टिपिसवर तापमान आणि आम्लता भरती-ओहोटीच्या चालीने बदलून प्रयोग झाले. उष्णता सोसण्याची ताकद किंचित वाढली, पण दोन्ही ताण एकत्र आले तेव्हा श्वसनाचा दर उतरला.